तिसऱ्याला जागा होती का? – विंडोज फोनची दहा वर्षे

सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या रेडमंड गावी एक चमत्कारिक अंत्ययात्रा निघाली. आपला नवा ‘विंडोज फोन ७’ तयार झाल्याच्या आनंदात मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांनी आयफोन आणि ब्लॅकबेरी यांना मिरवणुकीने शेवटचा निरोप दिला. फोनच्या भल्यामोठ्या प्रतिकृती, काळ्या कपड्यातले खांदेकरी आणि सोबत नाचगाणे, असा सगळा थाट होता. त्यांतला ब्लॅकबेरी पुढे खरोखरच गेला. आयफोनला मात्र काहीही झाले नाही, आणि जानेवारी २०२० मध्ये शेवटची दुरुस्ती पाठवून बंद झाला तो अंत्ययात्रा काढणाऱ्यांचाच फोन.

हा विषय गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. आमच्या हैदराबादशी त्याचा संबंध आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली आपले भारतातले विकास केंद्र काढले ते याच शहरात. आणि हा फोन गुंडाळण्याचे अप्रिय काम ज्यांच्या वाट्याला आले ते सत्या नडेला याच गावचे, बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आज आपली बँक, गॅसची नोंदणी, रेल्वेचे तिकीट, मुलांच्या शाळेच्या सूचना, एवढेच नव्हे तर गणपतीची वर्गणीसुद्धा फोनमधून जाते. आणि जगातल्या जवळजवळ सर्व फोनच्या मागे दोनच कंपन्यांची व्यवस्था आहे. तिसरी का उभी राहिली नाही? तिला जागाच नव्हती, की जागा होती आणि ती हातची घालवली? आम्ही मित्रमंडळींनी या प्रश्नावर बराच काळ वाद घातला आहे. त्या वादातून हाती लागले ते येथे मांडतो.

आधी फोनची ‘व्यवस्था’ म्हणजे काय ते पाहू, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. फोन हे नुसते यंत्र नव्हे. तो आठवडी बाजार आहे. गिऱ्हाईक येते म्हणून दुकानदार पाल ठोकतो आणि दुकाने असतात म्हणून गिऱ्हाईक येते. बाजार एकदा भरू लागला की आपोआप भरत राहतो. पण दोन कोसांवर दुसरा बाजार सुरू करायचा म्हटले की पहिल्या दिवशी दुकानदार विचारतो, गिऱ्हाईक कुठे आहे? आणि गिऱ्हाईक विचारते, दुकाने कुठे आहेत? ॲप बनवणारे दुकानदार आणि आपण गिऱ्हाईक. नव्या बाजाराची जागा प्रशस्त आहे, झाडाची सावली आहे, पाणी गोड आहे, याने या अडचणीत फारसा फरक पडत नाही. परप्रांतात मराठी वाचनालये चालवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सभासद कमी म्हणून नवी पुस्तके येत नाहीत, आणि नवी पुस्तके नाहीत म्हणून सभासद कमी होतात.

गंमत म्हणजे या बाजारात मायक्रोसॉफ्ट उशिरा आलेली नव्हती. तळहाताएवढ्या यंत्रांसाठी तिची ‘विंडोज सीई’ १९९६ सालीच निघाली. पुढे ‘पॉकेट पीसी’ आणि ‘विंडोज मोबाईल’ आले. पण त्या सगळ्यांत संगणकच बारीक करून खिशात कोंबलेला होता. टोकदार काडीने इवल्या चौकटी दाबत बसायचे. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी बोटाने चालणारा आयफोन दाखवला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर एका मुलाखतीत मोठ्याने हसले. पाचशे डॉलर किंमत आणि वर टंकायला कळफलकही नाही, असे त्यांचे म्हणणे. बामर यांना हसल्याबद्दल पुष्कळांनी पुढे टोमणे मारले, पण त्या वर्षी जगातल्या स्मार्टफोनपैकी निम्म्याहून अधिक नोकियाच्या सिंबियनवर चालत होते आणि नोकियालाही फारशी काळजी वाटली नव्हती. जुलै २००८ मध्ये ॲपलने पाचशे ॲप घेऊन आपले दुकान उघडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलच्या अँड्रॉइडचा पहिला फोन विकायला आला, आणि गूगलने ती प्रणाली फोन बनवणाऱ्यांना फुकट दिली. मायक्रोसॉफ्ट मात्र आपल्या प्रणालीसाठी प्रत्येक फोनमागे परवान्याचे पैसे घेत होती. फुकटाशी स्पर्धा करायची म्हणजे काय, हे तिला पुढे सहा वर्षे कळत गेले.

हसणे संपल्यावर कंपनीने जुनी प्रणाली मोडीत काढून सगळे पहिल्यापासून लिहायला घेतले. फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोनाच्या मेळाव्यात विंडोज फोन ७ दाखवला गेला आणि वर्षअखेर बाजारात आला. (मधल्या काळात ‘किन’ नावाचे दोन फोन काढून ते दोन महिन्यांच्या आत मागे घेण्याचा प्रकारही झाला. त्याबद्दल जास्त न बोललेले बरे.)

विंडोज फोन वाईट होता म्हणून पडला, असे आज सर्रास म्हटले जाते. आम्हाला ते मान्य नाही. त्या काळातल्या तिघांत खऱ्या अर्थाने स्वतंत्र डोक्याचा फोन तोच होता. आयफोनमध्ये चिन्हांच्या रांगा होत्या आणि अँड्रॉइडने थोड्याफार फरकाने त्याच उचलल्या. विंडोज फोनने मोठ्या रंगीत फरशा मांडल्या, आणि त्या फरशांवर आलेला निरोप, हवामान, फोटो आपोआप उमटत. उगाचची चकाकी नाही, ठसठशीत अक्षरे. शिवाय कमी ताकदीच्या स्वस्त यंत्रावरही तो अडखळत नसे. त्याच किमतीचा अँड्रॉइड तेव्हा सहा महिन्यांत घामाघूम होई. चाळिशीनंतर चष्मा शोधत फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना ती मोठी अक्षरे म्हणजे वरदानच होते.

यंत्रे कोणी बनवायची, हा प्रश्न होता. तेथे नोकिया आली.

भारतात नोकियाचे नाव काय होते हे तरुण वाचकांना सांगायला हवे. २००३ साली आलेला, वर विजेरी असलेला ‘११००’ जगभर पंचवीस कोटींच्या वर खपला, आणि आपल्याकडे तो रिक्षावाल्यापासून तहसीलदारापर्यंत सर्वांच्या हाती होता. २००६ पासून चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूर येथे नोकियाचा कारखाना सुरू झाला. भरभराटीच्या काळात तेथे आठ हजार कामगार होते. पण आयफोन-अँड्रॉइडपुढे सिंबियन थकले होते. सप्टेंबर २०१० मध्ये नोकियाने पहिल्यांदाच फिनलंडबाहेरचा प्रमुख आणला : मायक्रोसॉफ्टमधून आलेले कॅनडाचे स्टीफन इलॉप. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना एक पत्र लिहिले. आपण समुद्रातल्या जळत्या फलाटावर उभे आहोत, तेव्हा थंड पाण्यात उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्याचा आशय. पत्र लगोलग बाहेर फुटले. ११ फेब्रुवारीला लंडनमध्ये बामर यांच्या शेजारी उभे राहून इलॉप यांनी जाहीर केले की यापुढे नोकियाचे स्मार्टफोन विंडोजवर चालतील.

या निर्णयापेक्षा तो ज्या रीतीने झाला ती आम्हाला अधिक घातक वाटते. नवे घर बांधून होण्याआधीच जुन्याचे छप्पर उतरवले. पहिला ल्युमिया दुकानात आला नोव्हेंबरात. मधले नऊ महिने नोकियाचा विक्रेता गिऱ्हाइकाला काय सांगणार? ज्या मालाला मालकाने स्वतःच जळका म्हटले तो कोण घेणार? सिंबियनची विक्री घसरत नव्हती, कोसळत होती. त्याच वर्षी नोकियाच्या आपल्या अभियंत्यांनी ‘मीगो’ प्रणालीवर केलेला एन-नाइन हा देखणा फोन जाहीर झाला. लोकांनी त्याचे कौतुक केले, पण त्या मार्गाने पुढे जायचे नाही हे आधीच ठरून गेले होते. नोकियाने अँड्रॉइड घ्यायला हवे होते का, हा आमच्यातला जुना वाद आहे. आमच्यातल्या एकाचे मत असे की तेथेही सॅमसंगने तिला टिकू दिले नसते. असेल. पण अँड्रॉइड घेतलेल्या नोकियाला निदान दुकाने शोधत हिंडावे लागले नसते.

मग झाले ते जास्त लाजिरवाणे. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत ल्युमिया ९०० मोठ्या जाहिरातबाजीने विकायला आला आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की येत असलेली विंडोज फोन ८ कोणत्याही जुन्या फोनवर चालणार नाही. आतला गाभाच बदलला होता. अडीच महिन्यांपूर्वीचा फोन जुना ठरला. तांत्रिक कारण खरे होते. संगणकाच्या विंडोजचा भक्कम गाभा फोनमध्ये आणायचा तर कधीतरी हा घाव घालावाच लागला असता. पण ज्यांनी दोन बलाढ्य बाजार सोडून भरवशाने तिसऱ्यात पाऊल ठेवले होते, त्या पहिल्या गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवले. ॲप बनवणाऱ्यांनाही हिशेब पुन्हा मांडावा लागला. नवा बाजार त्याच पहिल्या शंभर माणसांच्या तोंडी प्रचारावर उभा राहायचा असतो.

तरीही एक काळ असा आला की वाटले, जमले. फेब्रुवारी २०१३ मध्ये ल्युमिया ५२० जाहीर झाला. भारतात त्याची किंमत दहा हजारांच्या आसपास होती आणि पुढे ती उतरत गेली. पिवळा, लाल, निळा, असे रंग. पाठ बदलता येणारी. आबिड्सच्या जगदीश मार्केटात त्या वर्षी ल्युमियाची पिवळी पाठ काचेआडून डोकवायची ती आम्हाला आठवते. नोकियाचे नाव, भक्कम बांधणी आणि न अडखळणारा पडदा एवढ्यावर तो जगातला सर्वांत जास्त खपलेला विंडोज फोन झाला. आयडीसी या संस्थेच्या गणतीप्रमाणे २०१३ च्या दुसऱ्या तिमाहीत विंडोज फोनचा जगातला वाटा ३.७ टक्के होता. ब्लॅकबेरीला मागे टाकून तो तिसरा आला होता. त्याच तिमाहीत अँड्रॉइड ७९ टक्क्यांच्या पुढे आणि आयफोन १३ टक्क्यांच्या वर होता, हेही सांगितले पाहिजे. युरोपातल्या पाच मोठ्या देशांत मिळून त्या शरद ऋतूत विंडोज फोन दहा टक्क्यांवर पोचला. दहांत एक म्हणजे खरे तर चांगला बाजार.

पण दुकानदार आले नाहीत. इन्स्टाग्राम आले नोव्हेंबर २०१३ मध्ये, तेही कच्च्या रूपात. सर्वांत बोलका प्रसंग यूट्यूबचा. गूगलने विंडोज फोनसाठी आपले चांगले यूट्यूब ॲप काढले नव्हते, म्हणून मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ते करून दिले. त्यात जाहिराती दिसत नव्हत्या आणि चित्रफिती उतरवून घेता येत होत्या. गूगलने हरकत घेतली. ती रास्त होती. मायक्रोसॉफ्टने दुरुस्त करून ऑगस्टात ते पुन्हा आणले, तर गूगलने तेही अडवले. बाजारातल्या सर्वांत मोठ्या दुकानाचा मालक हाच पलीकडच्या बाजाराचा मालक असेल तर तो इकडे पाल का ठोकील? मायक्रोसॉफ्टबद्दल फार कळवळा येण्याचे मात्र कारण नाही. नव्वदच्या दशकात संगणकाच्या बाजारात तिने नेटस्केपशी जे केले ते न्यायालयापर्यंत गेले होते. तेव्हा बाजाराचे कुंपण तिच्या हाती होते, आता दुसऱ्याच्या.

३ सप्टेंबर २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन-धंदा ५.४४ अब्ज युरोंना विकत घेत असल्याचे जाहीर केले. इलॉप परत मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि जाताना त्यांना १८.८ दशलक्ष युरो मिळाल्याचे कळल्यावर फिनलंडमध्ये संताप उसळला. हा सौदा म्हणजे तिसऱ्या बाजाराच्या शवपेटीचा खिळा होता असे आम्ही मानतो. एकदा बाजाराचा मालकच सर्वांत मोठा दुकानदार झाला, की सॅमसंग आणि एचटीसी यांनी तेथे माल मांडायचे कारण उरले नाही. एप्रिल २०१४ मध्ये लहान पडद्याच्या यंत्रांसाठी विंडोज फुकट करण्यात आली, मायक्रोमॅक्स आणि कार्बन यांनी त्यावर स्वस्त फोनही काढले, पण अँड्रॉइडला फुकट असण्याची पाच-सहा वर्षांची सवय होती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नडेला प्रमुख झाले. आपल्या ‘हिट रिफ्रेश’ या पुस्तकात त्यांनी लिहिले आहे की बामर यांनी वरिष्ठ सहकाऱ्यांचा कौल घेतला तेव्हा त्यांनी या खरेदीच्या विरोधात मत दिले होते. जगाला तिसरी फोन-व्यवस्था का हवी, ते त्यांना उमगत नव्हते. नको असलेले लग्न लावून दिलेल्या मुलासारखी त्यांची अवस्था. जुलै २०१४ मध्ये त्यांनी अठरा हजारांपर्यंत माणसे कमी करण्याची घोषणा केली. त्यांतली साडेबारा हजार नोकियातून आलेली होती. एका वर्षाने ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले गेले आणि आणखी ७,८०० जणांपर्यंतच्या नोकऱ्या गेल्या. फिनलंडमधल्या सालो या छोट्या गावात नोकियाचा कारखाना २०१२ मध्येच थांबला होता. आता तेथे राहिलेले संशोधनाचे कामही बंद झाले.

शेवटचा प्रयत्न म्हणजे ‘विंडोज १० मोबाईल’. संगणक, फोन, सगळीकडे एकच विंडोज, एकदा लिहिलेले ॲप सर्वत्र चालेल, अशी कल्पना. कल्पना उत्तमच, पाच वर्षे आधी सुचायला हवी होती. जुन्या ल्युमियांना ही प्रणाली मिळेल असे आधी सांगितले होते. मार्च २०१६ मध्ये यादी आली तेव्हा तिच्यात सर्वांत लाडका ५२० नव्हता, एक्केचाळीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा १०२० देखील नव्हता. म्हणजे त्याच गिऱ्हाइकांना दुसऱ्यांदा दारातून परत. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीचे एक अधिकारी जो बेल्फिओर यांनी सरळ लिहून टाकले की नवी वैशिष्ट्ये आणि नवी यंत्रे हा आता आमचा रोख नाही. ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सॲपही चालेनासे झाले. आपल्याकडच्या माणसाला फोन मेल्याची खरी खबर त्या दिवशी लागली.

मग जागा होती का? बिल गेट्स यांनी २०१९ मध्ये म्हटले की अँड्रॉइडची जागा मायक्रोसॉफ्टला मिळाली नाही ही त्यांची सर्वांत मोठी चूक. ॲपलखेरीज आणखी एकाच व्यवस्थेला जागा असते, असे त्यांचे म्हणणे. खुद्द नडेला यांनी २०२३ मध्ये कबूल केले की फोनमधून ज्या तऱ्हेने अंग काढले ते वेगळ्या रीतीने करता आले असते. आमचे मत या दोघांच्या मधले आहे. २००८ ते २०१० हे दार उघडे होते. २०१३ पर्यंत ते किलकिले होते आणि दहा टक्क्यांचा बाजार संयमाने सांभाळता आला असता. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला दोनदा फसवायला नको होते. त्यानंतर चांगला फोन करून भागण्यासारखे काही उरलेच नव्हते.

बाकीच्यांच्या कथा पाहिल्या तरी हेच दिसते. पामची ‘वेबओएस’ एचपीने २०१० मध्ये १.२ अब्ज डॉलरना घेतली, तिच्यावरचा टॅब ४९ दिवसांत बंद केला, आणि आज ती सुखाने नांदते ती एलजीच्या दूरचित्रवाणी संचांत. ब्लॅकबेरीने जानेवारी २०१३ मध्ये नवी प्रणाली आणली आणि तीन वर्षांत अँड्रॉइडपुढे हात टेकले. सॅमसंगने ‘टायझेन’चा झेड-वन जानेवारी २०१५ मध्ये भारतातच ५,७०० रुपयांना आणला, आता कोणाला आठवतो? मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरचा इंटेक्सचा फोन २०१४ मध्ये १,९९९ रुपयांना मिळत होता, आणि वर्ष-सव्वा वर्षात मोझिलाने हात आखडता घेतला.

पण फायरफॉक्सची कथा तेथे संपत नाही. तिच्या उरल्यासुरल्या सामानातून ‘कायओएस’ निघाली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमध्ये बसली. पंधराशे रुपये अनामत, बटणांचा फोन, स्वस्त इंटरनेट. २०१८ च्या आरंभी एका पाहणीत भारतात तिचा वापर आयफोनपेक्षा अधिक निघाला. त्याच सप्टेंबरात व्हॉट्सॲपही त्यावर आले. दुकानदार स्वतःहून आला, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या कशासाठी तरी आधीच जमले होते. पुढे २०२१ मध्ये जिओने गूगलला सोबत घेऊन जिओफोन नेक्स्ट काढला तो मात्र अँड्रॉइडवर. चीनमध्ये ह्वावेची ‘हार्मनी’ टिकली आहे, पण तिला गिऱ्हाईक मिळवून दिले ते अमेरिकेच्या मे २०१९ च्या निर्बंधांनी. गूगलचा रस्ताच बंद झाल्यावर एवढ्या मोठ्या देशात दुसरा बाजार भरणे भागच होते.

आपल्या भाषेच्या दृष्टीने एक प्रयोग नोंदवायला हवा. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांची ‘इंडस ओएस’ मराठीसह भारतीय भाषांसाठी होती आणि मायक्रोमॅक्सच्या फोनवर ती बरीच पसरली. ते शहाणे, नवा बाजार मांडायला गेले नाहीत; अँड्रॉइडच्याच बाजारात आपल्या भाषेची रांग लावली. तिचाच वारस असलेले इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ पासून बारा भारतीय भाषांत सुरू आहे. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तो याच बाजाराच्या कुंपणाबद्दल. तिसरा बाजार नाही तर निदान आहे त्या बाजारात पाल ठोकण्याचे नियम तरी सरळ असावेत, एवढीच आता लढाई उरली आहे, आणि ती आम्हाला विंडोज फोनच्या लढाईपेक्षा मोलाची वाटते.

श्रीपेरंबुदूरचे राहिलेच. कराच्या दाव्यात अडकल्यामुळे तो कारखाना मायक्रोसॉफ्टच्या सौद्यात गेलाच नाही. मागणी आटली आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तो बंद पडला. पाच वर्षे ते आवार ओस होते. २०१९ च्या नोव्हेंबरात सालकॉम्प या मूळच्या फिनलंडच्याच कंपनीने ते घेतले. आता तेथे पुन्हा पाळ्या सुरू आहेत. ही कंपनी ॲपलला चार्जर पुरवते.